अर्धं काम स्कूटरवर

सध्या आमच्या घराण्यात एका प्रश्नावरून दोन तट पडले आहेत. प्रश्न तसा साधा आहे. घरातल्या खोलीत, एकट्याने, हाताशी असेल त्या सामानावर रेकॉर्ड केलेल्या गाण्यांना ‘गाणी’ म्हणायचं, की तो नुसता कच्चा खर्डा? व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर यावर जे काही लिहून झालं आहे ते वाचून वाटलं, आता एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. नातेवाईक मंडळी इथे येऊन वाचतात (वाचून ‘छान’ एवढंच म्हणतात, पण वाचतात!), आणि इतरांनाही हा विषय अगदी परका वाटू नये.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. आमचा भाचा इथे नागपुरातच एका बँडमध्ये गिटार वाजवतो. चौघांचा बँड. कॉलेजची गॅदरिंग, हॉटेलातले शनिवार, कुणाच्या लग्नातलं संगीत, अशी त्यांची कामं. लोकांना हिंदी सिनेमातली गाणी ऐकायची असतात, म्हणून हेही तीच वाजवतात. गेल्या उन्हाळ्यात या मुलाने रात्री जागून स्वतःची सहा मराठी गाणी केली. शब्द त्याचे, चाल त्याची, गिटार, बेस, आजीची हार्मोनियम, ढोलकीच्या जागी टेबलावर बोटं... सगळं तोच. सामान म्हणजे एक माइक आणि जुना लॅपटॉप. घर अजनी स्टेशनच्या बाजूला, त्यामुळे एका गाण्यात मध्येच रेल्वेचा भोंगा वाजतो. मे महिन्यात कूलर बंद करून गावं लागलं. एका गाण्यात मात्र सहनशक्ती संपली असावी, कारण त्यात कूलर चालूच राहिला आहे :)

भाऊजींचं म्हणणं असं: “हे काय रेकॉर्डिंग होय? मागे कूलर घरघर करून राहिला! मी पैसे देतो, मुंबईला जा, चांगल्या स्टुडिओत करून घे.” बोलण्यात प्रेमच आहे, याबद्दल वाद नाही. बँडमधल्या बाकी तिघांना वेगळीच शंका. हा आता वेगळा निघणार. आणि मुलाचे मित्र म्हणतात की हा खरखरीत आवाज हीच तर मजा आहे, याला हात लावू नको. या सगळ्या गलबल्यात सहाही गाणी आठ महिने लॅपटॉपमध्ये पडून आहेत. एकूण ऐकणारे धरले तर दहा-बारा जण.

माझं मत असं की गाणी आहेत तशीच बाहेर यावीत. पण कारण मित्रांनी सांगितलेलं नाही, आणि भाऊजींच्या म्हणण्यातही तथ्य आहे. म्हणून थोडं लांबून, गोव्याकडून यावं लागेल.

रेमो फर्नांडिसचं नाव आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे ते १९८७ च्या ‘जलवा’मुळे, नाहीतर १९९५ च्या ‘बॉम्बे’मधल्या ‘हम्मा हम्मा’मुळे. त्याआधीचा रेमो फारसा कुणाला माहीत नसतो. गोव्यात शिवोलीचा हा मुलगा (जन्म १९५३) मुंबईत जे. जे.मध्ये आर्किटेक्चर शिकायला आला आणि ‘द सॅव्हेजेस’ नावाच्या बँडमध्ये वाजवू लागला. नंतर युरोपात भटकला, परत आला, गोव्यात ‘इंडियाना’ नावाच्या बँडमध्ये राहिला. म्हणजे माणूस बँडमध्येच वाढलेला. आणि मग १९८४ मध्ये त्याने ‘गोवन क्रेझी’ नावाची कॅसेट काढली, ती एकट्याने. शिवोलीच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर. गाणी त्याने लिहिली, सगळी वाद्यं त्याने वाजवली, सगळे आवाज त्याचेच, रेकॉर्डिंगही त्यानेच केलं, आणि कव्हरसुद्धा स्वतःच केलं. इंग्रजीत गायचं, पण विषय गोव्याचे. अशा गाण्यांना मुंबईच्या कंपन्यांकडे काही जागा नव्हती. मग गड्याने काय केलं, तर कॅसेटी आपल्या पिवळ्या स्कूटरवर लादल्या आणि गोव्यात दुकानोदुकानी स्वतः नेऊन दिल्या.

हे चार ट्रॅकचं प्रकरण काय असतं ते सांगतो, कारण त्याशिवाय एकट्याचे कष्ट लक्षात येत नाहीत. आपल्या साध्या कॅसेटच्या पट्टीवर मुळात चार पट्टे असतात. दोन ‘ए’ बाजूचे (डावा-उजवा) आणि दोन ‘बी’ बाजूचे. १९७९ मध्ये टीॲक कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ’ आणला. त्यात हे चारही पट्टे एकाच दिशेने आणि वेगवेगळे वापरता येत. पहिल्यावर गिटार भरायची, मग ती ऐकत ऐकत दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर ताल. आवाज बरा यावा म्हणून पट्टी दुप्पट वेगाने पळायची. परिणाम असा की ६० मिनिटांच्या कॅसेटवर १५ मिनिटंच बसत. चारपेक्षा जास्त गोष्टी हव्या असतील तर तीन पट्टे एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुन्हा वापरायला मोकळे करायचे. पण प्रत्येक वेळी उतरवताना मागची ‘स्स्स’ वाढत जाते, आणि एकदा एकत्र केलेलं पुन्हा सुटं करता येत नाही. बेस थोडा मोठा झाला? झाला तर झाला. आता तो तसाच राहणार.

म्हणजे त्या काळातली ती खरखर कुणी हौसेने आणलेली नव्हती. सगळ्या युक्त्या करून झाल्यावर जी उरली ती. आज असं सॉफ्टवेअर मिळतं की स्वच्छ आवाजावर वरून कॅसेटची खरखर, जुन्या तबकडीची टकटक फवारून मिळते. नव्या घागऱ्याला विकत घेऊन ठिगळं लावण्यातला प्रकार. म्हणून भाच्याच्या मित्रांशी माझं जमत नाही. कूलरचा आवाज हा काही त्या गाण्याचा गुण नाही. गाणं त्या आवाजासकट चांगलं आहे, एवढंच म्हणता येईल. दोन्हींत फरक आहे.

आता बँडमधल्या तिघांची भीती. एकट्याने गाणी केली म्हणजे बँड सोडला का? याची उलटसुलट दोन्ही उदाहरणं आहेत. पॉल मॅकार्टनीने १९६९ च्या शेवटी लंडनच्या राहत्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर एकट्याने वाजवून ‘मॅकार्टनी’ हा आल्बम सुरू केला, आणि एप्रिल १९७० मध्ये तो बाहेर आला त्याच सुमाराला बीटल्स फुटल्याची बातमीही बाहेर आली. पण ते घर आधीच आतून मोडलेलं होतं. आल्बमने मोडलं असं कुणी म्हणू नये.

दुसरं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं. ब्रूस स्प्रिंगस्टीन. त्याचा ‘ई स्ट्रीट बँड’ तेव्हा जोरात होता. जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या घरातल्या बेडरूममध्ये त्याने त्याच पोर्टास्टुडिओवर काही गाणी भरली. हेतू इतकाच की बँडला ऐकवायची आणि मग स्टुडिओत नीट करायची. कॅसेट कित्येक दिवस तो डबीशिवाय खिशात घेऊन फिरत होता म्हणे. स्टुडिओत बँडबरोबर ती गाणी करूनही बघितली. काही केल्या जमेना. गाण्यात जो एकटेपणा होता तो सगळे मिळून वाजवायला लागले की निघून जायचा. शेवटी ती खिशातली कॅसेटच आल्बम म्हणून काढली, सप्टेंबर १९८२ मध्ये. तोच ‘नेब्रास्का’. या सगळ्यावर २०२५ मध्ये एक सिनेमाही येऊन गेला.

पण गोष्ट इथेच थांबवली तर बँडवर अन्याय होतो. त्याच बेडरूमच्या रेकॉर्डिंगमध्ये ‘बॉर्न इन द यूएसए’ हे गाणंही होतं. ते एकट्याच्या आवाजात उभं राहत नव्हतं. बँडने हातात घेतलं आणि ते असं काही उसळलं की १९८४ च्या आल्बमला त्याचंच नाव मिळालं. म्हणजे एकाच मुळातून काही गाणी एकट्याची निघाली आणि काही बँडची. कुठलं कुणाचं हे करून बघितल्याशिवाय कळलं नाही. म्हणून त्या तिघांना माझं सांगणं आहे की रुसण्याआधी सहाही गाणी एकदा बसून ऐका. माझ्या अंदाजाने त्यातली दोन तरी तुमची आहेत. ते पाचवं, टेबलावर बोटांनी वाजवलेलं, ते तर खऱ्या ढोलकीसाठी जीव टाकतंय.

एकट्याने काम करण्यात एक मोठा धोका असतो आणि तो मित्र सांगत नाहीत. खोलीत ‘नाही’ म्हणणारं कुणी नसतं. बँडमध्ये तुमचं तिसरं कडवं लांबलं की ढोलकीवाला जांभई देतो. कुणी पाणी प्यायला उठतं. गायक म्हणतो, हा सूर मला लागत नाही, खाली घे. या सगळ्या कटकटींनी गाणं तासून निघतं. खोलीत मात्र रात्री दोन वाजता केलेलं सगळंच आपल्याला थोर वाटतं. चौथं गाणं किमान दोन मिनिटांनी जास्त आहे, हे मी भाच्याला सांगून टाकलंय. तो दोन दिवस बोलला नाही. असो.

आता भाऊजींचा मुद्दा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण त्यात कूलर हे निमित्त आहे, खरा शब्द आहे तो ‘मुंबई’. आपल्या नागपूरला हा जुना आजार आहे. मुलगा इथे कितीही चांगला गात असो, लिहीत असो, नाटकात काम करत असो, मुंबई-पुण्याचा शिक्का बसल्याशिवाय आपण त्याला मानत नाही. तिकडे जाऊन वर्षभर कुठे कोपऱ्यात उभा राहिला की मग इथे त्याचा सत्कार करतो, शाल-श्रीफळ देतो. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटरचा रस्ता झाला, तरी मनातलं अंतर काही कमी झालं नाही. आपलं गाणं चांगलं आहे का, हे विचारायला आपण अजून तिकडेच गाडी वळवतो.

आणि गंमत म्हणजे याच नागपुरात याचं नेमकं उलट उदाहरण दरवर्षी डोळ्यांसमोर असतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर दर दसऱ्याला लाखो माणसं येतात. भोवती पुस्तकांचे स्टॉल लागतात हे आपण कौतुकाने सांगतो. पण त्याच गर्दीत गाण्यांचेही स्टॉल असत. आधी कॅसेटींचे, मग सीड्यांचे. भीमगीतं. गावोगावच्या गायन पार्ट्यांची, शाहिरांची. वामनदादा कर्डकांची गाणी घराघरांत पोचली ती अशाच वाटांनी, जलशांतून, तोंडातोंडी, नंतर कॅसेटींवरून. त्या कॅसेटींतल्या पुष्कळशा ऐकताना लक्षात येतं की रेकॉर्डिंग बेताचंच आहे. ढोलकी मोठी, पेटी कुठेतरी मागे. पण घेणाऱ्याने ते कधी विचारलं नाही. गाणं आपल्याबद्दल आहे, आपल्या माणसाने गायलंय आणि इथे हातात मिळतंय, एवढं पुरे होतं. यवतमाळच्या, भंडाऱ्याच्या पिशव्यांमधून ती गाणी घरी जात. कुठल्या मोठ्या कंपनीच्या परवानगीसाठी ती थांबली असती तर त्यातली कितीतरी आज नसती.

रेमोची पिवळी स्कूटर मला इथे आठवते. ‘गोवन क्रेझी’ची गोष्ट सांगताना सगळे पहिला भाग रंगवून सांगतात. एकटा माणूस, एक घर, एक यंत्र, वा! पण मला वाटतं, अर्धं काम त्या स्कूटरवर झालं. शिवोलीच्या त्या घरात त्याने कितीही सुंदर कॅसेट केली असती आणि ती कपाटात ठेवून दिली असती, तर १९८५ च्या ‘त्रिकाल’साठी श्याम बेनेगलांनी त्याला घेतलं असतं का? पुढे सीबीएससारख्या मोठ्या कंपनीने त्याच्या कॅसेटी काढल्या, २००७ मध्ये पद्मश्री मिळाली, ते सगळं नंतरचं. आधी उन्हात दुकानदाराशी “पाच ठेवून घ्या, विकल्या तर पैसे द्या” अशा प्रकारचं बोलणं करावंच लागलं असणार. कलाकाराला हे बोलणं फार जड जातं. स्वतःचं गाणं गाणं सोपं, स्वतःचं गाणं नेऊन देणं कठीण.

आज हाच भाग सगळे विसरतात. कारण आज गाणं ‘टाकायला’ दोन मिनिटं लागतात. बटण दाबलं की जगभर. पण जगभर म्हणजे कुठे? रोज हजारो गाणी अशी पडतात. नुसतं टाकून ठेवणं म्हणजे कॅसेट कपाटात ठेवण्यासारखंच, फक्त कपाट मोठं आणि काचेचं. स्कूटर वेगळी गोष्ट आहे. स्कूटर म्हणजे नावानिशी एकेका माणसाकडे जाणं, त्याच्या हातात देणं, आणि तो नको म्हणाला तर ते ऐकून घेऊन पुढच्या दुकानात जाणं.

भाचा आठ महिने थांबलाय तो कूलरमुळे थांबलाय असं मला वाटत नाही. कूलर हे छान कारण आहे. “आवाज नीट नाही ना, नीट करून मग ऐकवतो.” हे म्हणत राहिलं की कुणी कधी नको म्हणणारच नाही. मुंबईचा स्टुडिओ हाही त्याच जातीचा बहाणा ठरू शकतो, फक्त महागडा. पैसे जमेपर्यंत वर्ष जाईल, तारीख मिळेपर्यंत आणखी काही महिने. तोवर मुलाचा आवाजही बदलेल आणि ज्या रागाने किंवा ज्या दुःखाने ती गाणी सुचली तेही विझून जाईल. वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी सुचलेल्या गाण्याला मुदत असते हो. ते तिशीत गायलं तर दुसऱ्या कुणाचं तरी गातोय असं वाटतं.

म्हणून माझं म्हणणं मुद्देसूद मांडतो, म्हणजे ग्रुपवर पुन्हा गोंधळ नको.

एक, जिथे शब्द कळत नाहीत तिथे पुन्हा रेकॉर्ड करावं. दुसऱ्या गाण्यातल्या दोन ओळी खरोखरच कळत नाहीत, आणि मराठी गाण्यात शब्द गेला की काय उरलं? पण ते त्याच खोलीत करावं. खिडकीला दोन गोधड्या टांगाव्यात, आणि कृपा करून डिसेंबरात करावं. नागपूरच्या थंडीत कूलरही नाही आणि पंखाही नाही. निसर्गाने फुकट दिलेला स्टुडिओच तो!

दोन, भाऊजी, तुमचे पैसे वाया घालवायचे नाहीत. त्यातून एक बरा माइक घेऊन द्या. उरलेले मुलाच्या पेट्रोलला द्या. खरंच सांगतो, पेट्रोलचाच खर्च महत्त्वाचा आहे. या शहरात कॉलेजं आहेत, वाचनालयं आहेत, थंडीत गच्च्या आहेत. वीस-पंचवीस माणसं जमतील अशा दहा ठिकाणी त्याने ही गाणी समोर बसून गावीत. वर्ध्याला जावं, अमरावतीला जावं. लोक मध्येच उठून गेले तर चौथं गाणं आपोआप दोन मिनिटांनी कमी होईल, मी सांगायची गरज नाही :)

तीन, बँडने त्याला सोडू नये आणि त्याने बँडला सोडू नये. हॉटेलातल्या शनिवारी तीन तास हिंदी गाणी वाजवल्यावर शेवटची पाच मिनिटं स्वतःची मागून घ्यावीत. ऐकणाऱ्यांनी जेवणात मान खाली घातली तर घालू दे. पुढच्या शनिवारी पुन्हा.

आणि रेल्वेचा भोंगा? तो मात्र काढू नका. तो काही कौतुकासाठी ठेवायचा असं नाही, तो ज्या ओळीवर येतो ती ओळ पुन्हा तशी गायली जाणार नाही म्हणून ठेवायचा. एवढ्या एकाच बाबतीत मित्रांचं माझ्याकडून मान्य.

नातेवाईक मंडळींना एक विनंती. गाणी या आठवड्यात तुमच्याकडे येतील. ‘छान’ लिहू नका. कुठल्या गाण्याच्या कितव्या मिनिटाला कंटाळा आला ते लिहा, आणि कुठलं दुसऱ्यांदा लावलंत तेही. मग शेजारच्या एकाला ऐकवा. तुमच्यापैकी पुष्कळांकडे अजून स्कूटरी आहेत.